बनियनवरची हळद

"कूलर बंद करा नं कोणी. मले थंडी वाजून राहिली."

भूमिका हे पुटपुटली ती माझ्या कानापासून वीतभर अंतरावर, गोधडीच्या आतून. नवतपा चालू होता. मे महिन्याच्या शेवटी येणारे ते दिवस असे असतात की नागपुरातलं कुत्रंही दुपारी सावली सोडत नाही. मानेवाड्याच्या आमच्या घरी आम्ही बायका फरशीवर पाणी मारून, त्यावरच चटया टाकून, कूलरच्या तोंडाशी पडलो होतो. अगदी समोरची जागा आत्याबाईंची, म्हणजे माझ्या सासूबाईंची. त्यांच्या मागे माझी धाकटी जाऊ मिनल, मग मी. आणि मिनलची पोरगी भूमिका सगळ्यांच्या मागे, माझ्या पाठीला चिकटून, थंडीतली गोधडी कपाटातून काढून.

"बाहेर आग पडून राहिली अन् या पोट्टीले थंडी," आत्याबाई डोळे न उघडता म्हणाल्या. "मोबाइल पाहून पाहून रक्त गार झालं तिचं."

मिनल उठली आणि तिनं कूलरचा वेग कमी केला. आत्याबाईंनी पायाच्या अंगठ्यानं बटण फिरवून पुन्हा वाढवला. मिनल परत येऊन पडली. आमच्या घरातली बहुतेक भांडणं अशीच होतात, आवाज न होता.

मी गोधडीत हात घालून पोरीचा पाय धरला. माठाला हात लावावा तसा गार. आणि कातडी अशी कोरडी, की माझ्या बोटांना पांढरा भुगा लागला.

तसं पाहिलं तर मला आधीच कळायला हवं होतं. दरवर्षी शाळा सुरू व्हायच्या आधी तिच्या स्कर्टची दुमड मीच उसवते आणि दोन बोटं खाली सोडते. यंदा तिला स्कर्ट घालून स्टुलावर उभं केलं, तर उसवायला काही कारणच नव्हतं. गेल्या वर्षी जिथे येत होता तिथेच येत होता. "बरं झालं," आत्याबाई म्हणाल्या, "एक ड्रेस वाचला." मीही हसून सुई डब्यात ठेवली. पण रात्रभर मनात काहीतरी टोचत राहिलं. अकरा वर्षांची पोर. तिच्या वर्गातल्या मुली बांबूसारख्या वर निघाल्या होत्या आणि ही तिथेच थांबली होती. उंची थांबली, पण चेहरा मात्र फुगला होता. तिचा बाप रोहित म्हणायचा, "अंगानं भरली हो पोरगी, आता बरी दिसते." वर्गात डोळे मिटतात, हाक मारली तर उशिरा ओ देते, अशी बाईंची तक्रार आली, तेव्हा आळशी ठरवून मोकळे झालो सगळे.

खरं तर आमच्या घरात असा एक आळशी माणूस आधी होऊन गेला होता. मिनल.

काही वर्षांपूर्वी मिनलचा दुसरा गर्भ गेला. त्यानंतर ती अशी झाली की पोळी लाटता लाटता ओट्याला टेकून झोपायची. केस फणीत गोळा व्हायचे. आत्याबाईंनी पुष्कळ दिवस नाटक म्हणून पाहिलं. शेवटी माझ्या नवऱ्यानं, जितेंद्रनं, मौद्याच्या वीजकेंद्रावरून सुट्टी काढून तिला आणि रोहितला धंतोलीत डॉक्टरकडे नेलं, तेव्हा थायरॉइड निघालं. सकाळी उपाशीपोटी एक गोळी, जन्मभर. बस. मला वाटलं, सुटलो. पण आजाराला नाव मिळालं की तो कुणाच्या तरी नावावर चढवावा लागतो.

"हिच्या मायच्या गळ्याले गाठ होती," आत्याबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या. "लग्नात पदर गुंडाळून बसली होती विहीणबाई, एवढ्या उकाड्यात. मले वाटलं लाजून राहिली. आता समजलं. आमच्या घरात नव्हतं बाप्पा असलं काही."

मिनल तेव्हापासून गोळी घेते ती स्वयंपाकघराच्या दाराआड उभं राहून. बाटली तिनं तुरडाळीच्या डब्यामागे ठेवली आहे. कुणी चोरणार नाही, पण दिसायला नको.

आमच्या घरात नव्हतं. हे वाक्य आत्याबाई इतक्या ठामपणे म्हणायच्या की मीच चार वेळा मामाजींकडे पाहायची.

मामाजी म्हणजे माझे सासरे, नानाजी. खापा गावचे. कन्हानच्या काठाला आमचं शेत आहे, नदी अगदी बांधाला लागून. त्या गावची पोरं चालायला लागण्याआधी पोहतात. पण माझ्या सासऱ्यांना नदीत उतरलेलं कुणी पाहिलेलं नाही. भर उन्हाळ्यात ते मनगटापर्यंत बटण लावलेला शर्ट घालतात, आत पूर्ण बाह्यांचं बनियन, आणि ते बनियन बाहेर दोरीवर वाळत नाही, खोलीत खिडकीच्या गजावर वाळतं. लग्न होऊन आल्यावर मी जितेंद्रला विचारलं होतं. तो म्हणाला, "बाबाले उन्हाची ॲलर्जी आहे." शिकलेला माणूस, खोटं बोलायलाही इंग्रजी शब्द लागतो.

एकदा मामाजींना सपाटून ताप आला, घरात मीच होते, आणि अंग पुसायला बनियन वर केलं. पोटावर, पाठीवर, काखेपर्यंत पांढरे डाग. दूध सांडून पसरावं तसे. त्यांनी डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा मिटून घेतले. मी पुसलं, बनियन खाली केलं, काढा दिला. त्यावर आम्ही दोघं आजतागायत बोललेलो नाही.

पुढचं मला यमुताईंनी, मामाजींच्या बहिणीनं, पापड लाटता लाटता सांगितलं. मामाजींच्या लग्नात हळद लावायला बायका जमल्या, तेव्हा त्यांच्या आईनं जाहीर केलं, पोराच्या अंगात कणकण आहे, बनियनवरूनच लावा. लावली. नवरी आली आणि तिला जे कळायचं ते नंतर कळलं. तिचे वडील न्यायला आले होते म्हणे. आत्याबाई गेल्या नाहीत. का गेल्या नाहीत हे यमुताईंनाही माहीत नाही. पण त्या दिवशी त्यांनी नवऱ्याकडून वचन घेतलं, की हे या खोलीच्या बाहेर जाणार नाही. माझी फसवणूक झाली ते झालं, पण जगानं मला कोड्याची बायको म्हणायचं नाही.

मग जितेंद्रच्या लग्नात प्रश्न आला. बापाची हळद बनियनवर लागली होती हे गावात म्हाताऱ्या बायकांना आठवत होतं. मुलगा उघड्या अंगानं बसला असता तर कुणीतरी विचारलंच असतं, की मग बापाचं तसं काहून? तेव्हा आत्याबाईंनी सरळ सांगून टाकलं, "आमच्यात हळद बनियनवरच लावतात. कुळाचार आहे." माझ्या नवऱ्याच्या अंगावर तीळभर डाग नाही, तरी बिचारा नवं कोरं बनियन पिवळं करून बसला. रोहितही तसाच बसला. आता पाहुण्यांतल्या दोन घरांनी हा कुळाचार उचलला आहे, आणि एका गुरुजींनी त्याला शास्त्राचा आधारही काढून दिला. गुरुजी तो आधार सांगत होते तेव्हा मी अक्षता वाटत होते. हसू दाबताना डोळ्यांत पाणी आलं, तर लोकांना वाटलं मी हळवी आहे.

म्हणजे घरात सगळ्यांना माहीत. सगळ्यांना हेही माहीत की बाकीच्यांना माहीत आहे. फक्त शब्द नाही उच्चारायचा.

तर मिनलच्या तपासणीची तारीख आली तेव्हा मी भूमिकालाही सोबत घेतलं. "घरी बसून काय करन, येऊ दे," एवढंच म्हटलं. धंतोलीच्या त्या गल्लीत दवाखान्याला दवाखाना लागून आहे. आमच्या डॉक्टर अरुंधतीबाईंच्या बाकांवर चंद्रपूर, गोंदियापासून आलेली माणसं शिदोऱ्या सोडून बसलेली. एसी लावलेला. भूमिकानं माझा दुपट्टा ओढून अंगाला गुंडाळला.

अरुंधतीबाईंनी मिनलचे रिपोर्ट पाहिले, गोळी थोडी वाढवली. मग त्यांची नजर दुपट्ट्यावर गेली. "ही कोण? इकडे ये गं." त्यांनी भूमिकाला समोर उभं केलं, पाठीमागून दोन्ही हातांनी गळा चाचपला, पाणी प्यायला लावून पुन्हा चाचपला. उंची मोजली. पोट साफ होतं का, झोप किती, गेल्या वर्षीचे बूट होतात का, असं विचारत गेल्या. बूट होत होते.

"हिचं रक्त तपासू या," त्या म्हणाल्या. "आजच."

मिनलनं पर्स घट्ट धरली. "माझ्यामुळे असन का, मॅडम?"

बाईंनी पेन खाली ठेवलं. "असं बघा. आपल्या शरीरात राखणदार असतात, रोगजंतूंना मारणारे. काही घराण्यांत ते जरा जास्तच संशयी निघतात. बाहेरचा चोर सोडून घरच्याच माणसाला बडवतात. तुमच्या बाबतीत त्यांनी गळ्यातल्या ग्रंथीला बडवलं. हा संशयी स्वभाव रक्तातून येऊ शकतो. पण एकाच माणसाकडून, एकाच गोष्टीतून येत नाही. थोडं आईकडून, थोडं वडिलांकडून, असं पुष्कळ बारीकसारीक जमून येतं. आणि स्वभाव आला म्हणून आजार होईलच असंही नाही. झालाच तर कुणाच्या थायरॉइडवर निघतो, कुणाला लहानपणीच साखर होते, कुणाच्या कातडीवर निघतो."

घरच्या माणसाला चोर समजून बडवायचं, हे ऐकून मला वाटलं, या बाईंना आमच्या घराचा पत्ता कुणी दिला?

"कातडीवर म्हणजे?" मी विचारलं. मला माहीत होतं. माझ्या मुलाची बारावीची पुस्तकं मी त्याच्या आधी वाचून काढली आहेत.

"कोड. पांढरे डाग. तुमच्या सासरकडे आहे का कुणाला?"

मिनल भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहायला लागली. मी पर्सची चेन लावली, उघडली, पुन्हा लावली.

"नाही," आम्ही दोघी एकदम म्हणालो.

इतक्या एकदम, की बाईंनी आम्हा दोघींकडे आळीपाळीनं पाहिलं. "असलं तर सांगा. त्यात लपवण्यासारखं काही नाही, लागत नाही ते कुणाचं कुणाला. आणि असो नसो, हिचं रक्त तपासायचंच. या वयात ग्रंथी मंदावली तर वाढ खुंटते. औषध आत्ता सुरू केलं तर पोर भरून काढते. उशीर केला तर राहिलेली उंची पुढे कुणाला देता येत नाही."

"घरी विचारून येतो," मिनल म्हणाली, आणि मी काही बोलायच्या आत पोरीचा हात धरून बाहेर पडली.

ऑटोत गरम वाफा तोंडावर येत होत्या. भूमिका आमच्या दोघींच्या मध्ये माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपली. मी म्हटलं, "मिनल, वेडी झाली का वं तू? एक सुई टोचायची होती."

ती बाहेर पाहत म्हणाली, "ताई, रक्तात निघालं तर काय म्हणतील? मायनं पोरीले दिलं, पोरीनं तिच्या पोरीले दिलं. एक पोटातच गेलं तेव्हाही मीच. आता हे निघालं तर जल्मभर मले तोंड वर काढू देणार नाहीत. अन् पोरीलेही. हे तर हिच्या मायचंच आहे म्हणून."

"अन् नाही तपासलं तर?"

तिनं झोपलेल्या पोरीच्या कपाळावरचा घाम पुसायला हात नेला. घाम नव्हताच. नागपूरच्या मेमध्ये त्या ऑटोत एकटीच कोरडी होती ती.

संध्याकाळी रोहित कामावरून आला. दिवेलागण झाली होती, पण भिंती अजून तापलेल्या. आत्याबाई परातीत भाजी निवडत होत्या. मामाजी दिवाणावर बसले होते, भूमिका त्यांच्या मांडीवर पाय टाकून झोपलेली. ते तिच्या तळव्यांना तेल चोळत होते. रोज चोळतात. बाह्यांची बटणं तेलात भिजतात, पण बाही काही वर सारत नाहीत.

"काय म्हणे डॉक्टर?" रोहितनं विचारलं.

"माझी गोळी वाढवली," मिनल म्हणाली आणि स्वयंपाकघराकडे वळली.

मी म्हटलं, "भूमिकाचंही रक्त तपासा म्हणाली. गळ्याले हात लावून पाहिलं तिनं. आजच काढा म्हणत होती."

आत्याबाईंचा हात परातीत थांबला. "घ्या. आता पोट्टीच्याही मागं लावलं. मी म्हणत नव्हती? पोरगी न्यायची काय गरज होती वं कामिनी तुले?"

"तिची उंची वाढून नाही राहिली, आत्याबाई."

"बुटकी असन. हिची माय कोणती मोठी उंच होती? गळ्याची गाठ अन् बुटकेपणा, दोन्ही तिकडचंच."

रोहित चप्पल काढता काढता म्हणाला, "वहिनी, एकदा का कागदावर आलं नं, मग पुसल्या जात नाही. उद्या पोरीचं पाहाले गेलो तर लोक काय काय विचारतात, तुम्हाले माहीत नाही का?"

"पाहाले जाशीन तवा जाशीन. आधी पोरगी वाढू दे."

"नको," दारातून मिनल म्हणाली. हातात तिच्या लाटणं होतं. "नाही काढायचं रक्त. ताई, तुम्ही मधात नका पडू."

"ऐक," आत्याबाई मला म्हणाल्या. "खुद्द मायच नाही म्हणून राहिली."

"नाहीच म्हणीन मी!" मिनलचा आवाज एकदम चढला. इतकी वर्षं मी तो आवाज ऐकलाच नव्हता. "निघालं तर माझंच निघन नं? या घरात जे वाईट निघते ते माझ्या माहेरून येते. तुमच्याकडून कधी काही आलंच नाही. मग कायले तपासू? माझी पोरगी आळशी म्हणा, बुटकी म्हणा, चालन मले. पण माझ्यासारखं दाराआड उभं राहून गोळी नाही खाणार ती."

भूमिका झोपेत कुशीवर वळली आणि पाय आणखी आत घेतले.

मामाजींचे हात तिच्या तळव्यांवर थांबले होते. ते फार कमी बोलतात. बोलले तेही माझ्याकडे न पाहता.

"डॉक्टरीणनं अजून काय विचारलं, बाई?"

मी पाहिलं, आत्याबाई माझ्याकडे पाहत होत्या. "सगळ्यायचं विचारलं," मी म्हटलं. "मिनलच्या माहेरचं विचारलं. अन् इकडचंही विचारलं."

"इकडचं काय?" रोहित म्हणाला, आणि म्हणताच त्याला कळलं असावं. त्यानं मान खाली घातली.

"काय सांगितलं मग?" आत्याबाईंनी विचारलं.

"नाही म्हणून सांगितलं."

"बरं केलं."

"बरं काहून केलं?" मामाजी म्हणाले.

या घरात येऊन माझे केस पिकले, पण आत्याबाईंच्या बोलण्यावर मामाजींनी 'काहून' विचारलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. त्यांनाही पहिल्यांदाच ऐकू आलं असावं. त्यांनी घसा खाकरला आणि फार हळू, परवानगी मागावी तसं म्हणाले, "अवं, सांगू का मी?"

"तुम्ही चूप बसा."

ते चूप बसले. दिलेलं वचन होतं, आणि माणूस साधा. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं तरी ते पुसायला हात तेलाचे होते.

आत्याबाई परात बाजूला सारून उठल्या. मला वाटलं, आता आत जातील आणि दार लावून घेतील. राग आला की तेच करतात. पण त्या दिवाणाशी आल्या. नातीकडे पाहत उभ्या राहिल्या. मग वाकून त्यांनी तिचा पाय धरला, मामाजींच्या हातांतूनच. उन्हाळाभर त्या पोरीला रागावत होत्या, पण हात लावला नव्हता त्यांनी. पाय धरला आणि चटका बसल्यासारखा सोडला. पुन्हा धरला. पोटरीपर्यंत हात नेला, दुसरा पाय पाहिला, कपाळ पाहिलं.

"माय वं," त्या म्हणाल्या. "बर्फ झालं लेकरू."

मामाजींनी त्यांच्याकडे पाहिलं. ते दोघं एकमेकांकडे इतका वेळ पाहतात हेही मी कधी पाहिलं नव्हतं. कसलं बोलणं झालं त्यात ते त्यांचं त्यांना ठाऊक. आत्याबाईंनी पदरानं आधी त्यांचे डोळे पुसले, जरा जोरातच, लहान पोराचं नाक पुसावं तसे. मग मिनलकडे वळल्या. बोलताना आवाज नेहमीसारखाच करडा होता, फक्त मिनलच्या तोंडाकडे पाहवत नव्हतं त्यांना, म्हणून लाटण्याकडे पाहून बोलत होत्या.

"उद्या सकाळीच ने पोरीले. रक्त काढ. अन् त्या डॉक्टरीणले सांग, काल खोटं बोललो म्हणा. या घरातही आहे. हिच्या आबाजीले कोड आहे."